बेडकाच्या रक्तातली खूण

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



ओळख करून देताना मला आत्ता ‘बेडकांच्या मॅडम’ म्हटलं गेलं आणि सगळे हसले. हसा. कॉलेजात मुलंही हेच म्हणतात, फक्त माझ्यामागे. आयोजकांनी ‘आठवणींवर बोल’ असं सांगितलं होतं. पण आठवणींवर माझ्याआधी सात जण बोललेत, डब्यातल्या ठेच्याचे आणि मीटरगेज गाडीचे सगळे किस्से होऊन गेलेत. म्हणून मी एकच आठवण सांगते आणि तिथून माझ्या विषयाकडे जाते. विषय आहे तणनाशक आणि बेडूक. कंटाळा आला तर मागच्या बाकांवरच्यांनी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघावं.

आपण नववीत होतो. १९८६ साल उजाडलं होतं. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. सर आपल्याला पहाटे मैदानावर बोलावायचे आणि आपल्याला धूमकेतू सोडून सगळं दिसायचं. त्याच सरांनी पावसाळ्यात एक दिवस वर्गात बेडूक आणायला सांगितला होता. स्टेशनाच्या पलीकडे, रुळाच्या भरावासाठी माती काढल्याने जे खड्डे पडले होते, तिथे बेडकांना तोटा नव्हता. आपल्यापैकी एकाने टिफिनच्या डब्यात भलामोठा बेडूक आणला. तो डबा घरी धुवून वापरला की नाही, हे मी आज विचारणार नाही. त्याच्या सौभाग्यवती समोर बसल्या आहेत.

सरांनी त्या बेडकाला ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीएवढ्या फळीवर ठेवलं, त्याच्या मागच्या पायाची बोटं फाकवली आणि बोटांमधला पातळ पडदा शाळेच्या एकुलत्या एका मायक्रोस्कोपखाली धरला. एकेकाने रांगेने येऊन पाहिलं. मी पाहिलं तेव्हा श्वास थांबला. बारीक नळ्यांतून रक्त धावत होतं, आणि त्यात लांबट, अंडाकृती पेशी एकामागे एक, कोपऱ्यावर अडखळत, पुन्हा सुटत पुढे जात होत्या. सर म्हणाले होते, “माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. बेडकाच्या पेशीत असतं. लक्षात ठेवा, परीक्षेला येतं.” परीक्षेला काही ते आलं नाही. मला मात्र ते जन्मभर पुरलं. नंतर सरांनी आपल्याला तो बेडूक परत त्याच खड्ड्यात सोडायला लावला, हेही मला आठवतं.

आज त्या केंद्रकाबद्दलच बोलायचं आहे.

आपण दहावी झालो ते १९८७ साल. त्याच वर्षी भारत सरकारने बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी वर्षाला हजारो टन तंगड्या युरोप-अमेरिकेत जायच्या. बंदीमागचं एक मोठं कारण शेतीचं होतं. बेडूक किडे खातो. तो उचलून विकायचा आणि त्या किड्यांसाठी परदेशातून विष विकत आणायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे उशिरा का होईना कळलं. त्या वर्षी आपण निकालाच्या धास्तीत होतो. बातमी कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

आता एकदम अलीकडे येते. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी माहेरी आले होते. पेरणी होऊन पंधरा-अठरा दिवस झाले होते, सोयाबीन चार बोटं वर आलं होतं, आणि भाऊ वावरात तणनाशक मारून संध्याकाळी घरी येत होता. वाटेत नाल्याच्या डोहाशी थांबून त्याने पंप धुतला. सगळेच धुतात. पाण्यावर फेस आला, हळूहळू विरला. मी काठावर उभी होते, डोहाच्या उथळ कडेला बेडूकमासे होते. काळे, मिरीएवढ्या डोक्याचे, शेकड्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिथे गेले. काही मेलेले तरंगत होते, पुष्कळसे जिवंत होते. जे मेले ते कशाने मेले, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पाणी आटत होतं, ऊनही पडलं होतं. मला मेलेल्यांबद्दल बोलायचंही नाही. मला बोलायचंय ते जिवंत राहिलेल्यांबद्दल.

कारण ‘मेलं नाही म्हणजे झालं नाही’ असं आपण समजतो. भाऊही हेच म्हणाला. “पाह्य नं, जित्ते हायेत.”

आधी वेळेचा हिशोब बघू. पहिला जोराचा पाऊस झाला की आपला मोठा बेडूक, तोच टिफिनमधला, पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतो. खड्ड्या-डबक्यांत अंडी पडतात, काही दिवसांत बेडूकमासे बाहेर येतात आणि महिना-दीड महिन्यात त्यांना पाय फुटून ते जमिनीवर येतात. त्याच पावसावर आपली पेरणी होते. आणि पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांनी, तण दोन-तीन पानांवर असताना, सोयाबीनमधलं तणनाशक मारायचं असतं. म्हणजे बेडूकमासे पाण्यात असण्याचे जे चार-पाच आठवडे, बरोबर त्यांच्या मधोमध आपला फवारा येतो. कोणी ठरवून केलेलं नाही. दोघंही एकाच पावसाची वाट पाहतात, एवढंच.

शिवाय बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. कातडीने ओढून घेतो. पोटाखालची पातळ कातडी ओल्या मातीला टेकवली की झालं. बेडूकमासा तर चोवीस तास पाण्यातच, कल्ल्यांतून तेच पाणी आतबाहेर. पाण्यात जे आहे ते त्याच्या अंगात आहे.

आता तणनाशकवाल्यांचं म्हणणं ऐकू. ते खोटं नाही, म्हणून आधी ऐकू. वाशीम जिल्हा सोयाबीनचा. सोयाबीनमध्ये आपल्याकडे सर्रास वापरलं जातं ते इमॅझेथापायर. ते वनस्पतीतलं एक एन्झाइम बंद पाडतं, आणि ते एन्झाइम बंद पडलं की झाडाला तीन अमिनो आम्लं तयार करता येत नाहीत. तण उपाशी मरतं. सोयाबीन ते औषध पचवून टाकतं म्हणून वाचतं. हे एन्झाइम प्राण्यांत नसतंच. धुऱ्यावर मारतात त्या ग्लायफोसेटचंही तसंच. ते ज्या रस्त्यावर नाकाबंदी करतं, तो रस्ता झाडात असतो, आपल्यात नसतो. म्हणून दुकानदार सांगतो, “जनावराले काही होत नाही.” कुलूपच नाही तर किल्ली काय करणार?

तर्क बिनचूक वाटतो. अडचण अशी की बाटलीत नुसती किल्ली नसते. औषध पानावर पसरावं, पानात शिरावं म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ घातलेले असतात. वरून आपण स्टिकर घालतो, कोणी युरिया घालतो. पानाचं मेणकट आवरण भेदणारा पदार्थ बेडूकमाशाच्या कल्ल्याला सोडत नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रिक रेल्या यांनी २००५ साली हौदांमध्ये प्रयोग केला. तळ्यावर थेट फवारा पडला तर जेवढी मात्रा पडेल, तेवढं राउंडअप त्या पाण्यात टाकलं. तीन आठवड्यांत ९६ ते १०० टक्के बेडूकमासे मेले. मात्रा जास्त होती अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण झाडांच्या औषधाने प्राणी मरत नाहीत, हे वाक्य तेव्हापासून सरसकट म्हणता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. पेशीत एक विष आलं की ती ते निस्तरायला धडपडते. त्या धडपडीत प्राणवायूचे फार तापट, चावरे कण तयार होतात. ते समोर येईल त्याला चावतात. प्रथिनांना, पेशीच्या भिंतीला, आणि केंद्रकातल्या डीएनएला. इथे कुलूप-किल्लीचा संबंधच उरत नाही. घर फोडायला किल्ली लागत नाही.

हे आत झालेलं नुकसान दिसतं कसं? इथे सरांचं वाक्य कामी येतं. बेडकाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरवा, रंगवा, मायक्रोस्कोपखाली धरा. अंडाकृती पेशी, मधोमध एक केंद्रक. हजार पेशी मोजा, दोन हजार मोजा. मध्येच एखादी पेशी अशी दिसते की मोठ्या केंद्रकाशेजारी एक छोटासा ठिपका वेगळा पडलाय. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात.

तो ठिपका म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. पेशीचे दोन भाग होतात तेव्हा घराची वाटणीच असते. प्रत्येक गुणसूत्राची एक-एक जोडप्रत दोन्हीकडे जायची असते. त्यासाठी दोन्ही टोकांकडून दोर येतात, गुणसूत्राच्या मधल्या कडीत अडकतात आणि ओढून नेतात. आता एखादं गुणसूत्र आधीच तुटलेलं असेल, तर ज्या तुकड्यात कडी आहे तो जातो, बिनकडीचा तुकडा अंगणातच पडून राहतो. दोन्ही घरं उभी राहतात, दारं लागतात, आणि तो तुकडा कुठल्या तरी घराच्या ओसरीत वेगळं पांघरूण घेऊन पडतो. तोच तो ठिपका. कधीकधी तुकडा नाही, तर आख्खं गुणसूत्रच मागे राहतं, कारण दोरच नीट लागलेला नसतो. असे एक-दोन ठिपके कुठल्याही निरोगी प्राण्यात सापडतात. प्रश्न असतो तो ते वाढले का, आणि मात्रा वाढवली तशी संख्या वाढते का, याचा.

दुसरी पद्धत आहे, तिचं नाव ऐकून तुम्हाला १९८६ आठवेल. धूमकेतू चाचणी. पेशी एका जेलीत बसवायच्या, त्यांची आवरणं विरघळवायची, आणि उरलेल्या केंद्रकांतून वीज सोडायची. डीएनए धड असेल तर गोळा होऊन जागच्या जागी राहतो. तुटलेला असेल तर तुकडे विजेच्या धन टोकाकडे वाहत जातात, आणि चमकणाऱ्या रंगात डोकं आणि शेपूट दिसतं. अगदी शेंडेनक्षत्र. जितकी शेपूट लांब आणि ठळक, तितकी मोडतोड जास्त. या पद्धतीला आज वापरतात तो धारदार आकार १९८८ साली नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. हॅलेचा धूमकेतू मला मैदानावर कधी दिसला नाही, हे खरं आहे. पुढे प्रयोगशाळेत एका काचपट्टीवर शंभर दिसले.

आता भारतातला दाखला. आसाममध्ये सिलचरला आसाम विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी २०१३ साली एक काम प्रसिद्ध केलं. त्यांनी घेतलेला बेडूक आपल्याकडचाच. डबक्याच्या कडेला डोळे वर काढून बसलेला, आपण जवळ गेलो की पाण्याच्या पृष्ठभागावरून टप्पे घेत पळणारा तो लहान बेडूक. लहानपणी आपण खापरी फेकून पाण्यावर टप्पे पाडायचो, तो तेच स्वतः करतो. त्याच्या बेडूकमाशांना राउंडअपच्या पाण्यात ठेवलं, काहींना भक्षकाच्या धाकात, काहींना धाकाविना. कारण निसर्गात कोणी निवांत विष पीत बसत नाही, मागे खाणाराही असतो. त्यांच्या तांबड्या पेशींत सूक्ष्मकेंद्रकं वाढलेली सापडली. औषधाची मात्रा वाढली तशी वाढलेली.

आणि इमॅझेथापायरचं? त्यासाठी फार लांब जावं लागलं. अर्जेंटिनात. तोही सोयाबीनचा मुलुख, आपल्यासारखाच, फक्त वावरं आपल्या तालुक्याएवढी. तिथल्या ला प्लाटा विद्यापीठात लारामेंडी आणि सोलोनेस्की यांच्या गटाने गेल्या दहा-बारा वर्षांत स्थानिक बेडकांवर इमॅझेथापायरच्या बाजारात मिळणाऱ्या औषधाचेच प्रयोग केले. प्रयोगशाळेतलं शुद्ध रसायन नव्हे, शेतकरी ओततो तीच बाटली. सूक्ष्मकेंद्रकंही वाढली, धूमकेतूच्या शेपट्याही. प्राणी जिवंत असताना. मला ते निबंध वाचताना आपला नाला दिसत होता. आपण पिकवतो तेच पीक, आपण मारतो तेच औषध, आपण बघतो तोच ‘जित्ता’ बेडूक. आतमध्ये मात्र तुटलेला.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतली मात्रा वेगळी, नाल्यातली वेगळी. रास्त आहे. म्हणून मी वहीत हिशोब केला, तुम्हीही करून बघा. आपलं १० टक्क्यांचं औषध एकरी ४०० मिलि लागतं. एकराला पंधरा लिटरचे दहा पंप धरले तर पंपाला ४० मिलि. म्हणजे एका पंपात ४ ग्रॅम मूळ औषध. पंप संपला तरी तळाशी, नळीत, दांडीत अर्धा लिटर द्रावण सहज राहतं. त्यात सुमारे १३० मिलिग्रॅम. तो पंप पाच ड्रम पाणी मावेल अशा डोहात, म्हणजे हजार लिटरमध्ये धुतला तर लिटरला ०.१३ मिलिग्रॅम. फार नाही. पण त्या संध्याकाळी शिवारातले दहा जण तिथेच धुतात, तेव्हा ते १.३ होतं. आणि कोणी रिकामी बाटली त्यात बुडवून खळबळली, तर बाटलीला चिकटलेल्या ५ मिलि औषधात अर्धा ग्रॅम असतं. म्हणजे एक बाटली जवळजवळ चार पंपांएवढी. प्रयोगांतल्या मात्रा याच मिलिग्रॅमच्या भाषेत असतात. फवाऱ्याचा वारा, पावसाने वाहून येणारं पाणी हे सगळं वेगळं, ते मी धरलेलंच नाही.

रक्तपेशीत झालेली ही मोडतोड बेडकाच्या पिल्लांत उतरत नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर उद्या कोणीतरी मोबाइलवर ‘तीन डोळ्यांचे बेडूक’ असं फिरवेल आणि खाली माझं नाव घालेल. पिल्लांत उतरायची तर इजा अंड्याच्या किंवा शुक्राच्या पेशीला व्हावी लागते. रक्तातला ठिपका ही खूण आहे. विष कातडी ओलांडून, पेशी ओलांडून, केंद्रकापर्यंत पोचलं याची खूण. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणाही असते, पुष्कळ तुटलेलं ती जोडते. पण दुरुस्तीला वेळ लागतो आणि खायला लागतं. बेडूकमाशाकडे एकच महिना असतो, डबकं आटायच्या आत पाय फुटायचे असतात, आणि दुसरा फवारा येणारच असतो. आधी तणनाशक, मग आठवड्याने अळीचं, मग बुरशीचं.

आता मला जे बोलायला अवघड जातं ते बोलते. माझी आई निंदायला जायची. तुमच्यापैकी अर्ध्या जणांच्या वावरात तिने निंदलं आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, उकिडवी, हातात विळा, आषाढाचा पाऊस पाठीवर. शेवटची काही वर्षं ती घरातही वाकूनच चालायची. भावाने पहिल्यांदा तणनाशक आणलं तेव्हा तिने बाटली हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “बरं झालं बाप्पा, बायाईची कंबर वाचली.” त्या बाटलीचे पैसे मी पाठवले होते. कॉलेजात मुलांना बेडकाच्या रक्तपेशी दाखवणारी मी, आणि बाटलीचे पैसे माझेच. शेजारच्या दोन काकूंची मजुरी त्या हंगामात गेली. त्या आईशी काही दिवस बोलत नव्हत्या, हेही खरं.

म्हणून ‘तणनाशक बंद करा’ असं सांगायला मी इथे उभी नाही. निंदायला माणसं मिळत नाहीत आणि पावसाने आठ दिवस वाफसा दिला नाही तर डवरा चालत नाही. तण पीक खाऊन टाकतं. १० जून २०१९ ला आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारं बंदी असलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे लावलं. हजाराच्या वर शेतकरी होते. त्यांना विष आवडतं म्हणून ते जमले नव्हते, निंदणाचा खर्च परवडत नाही म्हणून जमले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांकडूनच वापरलं जावं. आपल्या गावात धुऱ्यावर ग्लायफोसेट मारायला असा परवानाधारक माणूस कधी आलेला कोणी पाहिला असेल तर चहापानाच्या वेळी मला सांगा. मी त्याचा सत्कार करीन.

पण दोन टोकांच्या मध्ये खूप जागा आहे. पंप नाल्यावर धुवायचा नाही, एवढी साधी गोष्ट. टाकीत थोडं स्वच्छ पाणी घालून, हलवून, ते वावरातच, पिकावर मारून टाकायचं. असं तीनदा. बाटलीही तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं. उलट त्यात फायदाच आहे, ते औषध पैसे देऊन घेतलेलं आहे. नाल्याकडची चार-पाच तासं फवारायचीच नाहीत, तेवढी डवरून-निंदून काढायची. पाऊस तोंडावर असेल तर थांबायचं. धुऱ्यावर, नाल्याच्या काठावर ग्लायफोसेट नको, तिथलं गवत कापून जनावरांना घालता येतं. दुकानदार म्हणतो म्हणून डबल डोस नको, आणि तणनाशकात अळीचं औषध मिसळून ‘एका फेरीत दोन कामं’ तर मुळीच नको. यातलं काहीही बेडकाला पूर्ण वाचवणार नाही. पण डोहातला १.३ परत ०.१ वर येऊ शकतो. आणि अशा इजेत मात्रेलाच महत्त्व असतं.

बेडकावर एवढं बोलते, माणसावर का नाही, असं कोणाच्या तरी मनात आलं असेल. बोलते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्ताचा अभ्यास झाला. त्यांच्या पांढऱ्या पेशींत गुणसूत्रांची मोडतोड इतरांपेक्षा जास्त आढळली. ती औषधं प्रामुख्याने किडीची होती, तणाची नव्हे. दोन्ही एका पारड्यात मी टाकणार नाही. २०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तीही किडीच्याच औषधांनी. ती सगळ्यांना कळली, कारण माणसं दवाखान्यात गेली. तुटलेलं गुणसूत्र दवाखान्यात जात नाही. त्याला ताप येत नाही. मी इथे बसलेल्यांमध्ये असे पाच-सहा जण ओळखते जे गेली वीस वर्षं दर जुलैत उघड्या हातांनी बूच उघडतात, उघड्या पायांनी पंप पाठीवर घेतात. मी नाव घेत नाही, तुम्ही एकमेकांकडे बघताय ते मला वरून दिसतंय. हातमोजे, बूट, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या पाठीने चालणं. घरी आल्यावर नातवाला उचलायच्या आधी अंघोळ. बेडूक बिचारा कातडीने पाणी पितो, त्याला पर्याय नाही. आपल्याला आहे.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. आज सकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन आले. तो मायक्रोस्कोप अजून तिथेच कपाटात आहे. आरशाला डाग पडलेत, भिंग चांगलं आहे. मुख्याध्यापकांशी बोलले. पुढच्या जुलैत मी पंधरा दिवस गावात राहणार आहे. नववी-दहावीची मुलं घेऊन तीन जागी जायचं, रुळाकडेच्या खड्ड्यांपैकी जे उरलेत ते, नाल्याचा डोह, आणि वरच्या अंगाला जिथे कोणी फवारत नाही ते पाणी. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी नुसतं मोजायचं. बेडूकमासे किती, किती जातींचे, किती जणांना पाय फुटले, कोणाचा पाय वाकडा, कोणाची शेपूट. कोणालाही मारायचं नाही, टोचायचं नाही. रक्ताची तपासणी हे परवानग्यांचं आणि मोठ्या प्रयोगशाळेचं काम आहे, ते शाळेत करायचं नसतं. पण मुलांना एकदा बोटांमधला तो पडदा, आपण पाहिला तसा, पाहू द्यायचा आणि बेडूक त्याच खड्ड्यात परत सोडायचा.

भावाला विचारलं, तुझ्या वावराकडच्या नाल्यावर पोरं आणली तर चालेल का, आणि त्या पंधरा दिवसांत नाल्याकडची तासं तू फवारणार नाहीस ना? थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आन पोट्टे. नाई फवारत. पन मंग त्या तासाईतलं तन कोन काढन? तुलेच निंदा लागन.”

मी हो म्हटलंय. विळा आईचाच आहे घरात. ज्या मैत्रिणींना जुलैत वेळ असेल त्यांनी नावं आजच सांगून ठेवा.